लपून शोधलेली सोबत : कोल्हापुरातल्या एका काकींचं प्रकरण

काकी छप्पन्न वर्षांच्या आहेत. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होता, सहा वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला. मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर आणि मागं पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये काकींचा चटणीचा धंदा चालतो. मार्च ते मे हा हंगाम. मिरच्या वाळवायच्या, देठ काढायचे, मसाला भाजायचा, डंकावरून, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवरून, कुटून आणायचा आणि कांदा-लसूण घालून बरण्या भरायच्या. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, लेक इचलकरंजीला दिली आहे. पोटापाण्याची ददात नाही, बचत गटात शब्दाला मान आहे. अशा बाईचे फोनवरून जोडीदार शोधताना अडतीस हजार रुपये गेले आणि त्यापाठोपाठ धंदाही जायची वेळ आली.

हे प्रकरण मी समुपदेशक म्हणून हाताळलं. काकींची आणि दोन्ही घरांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. असं काही कानावर आलं की लोक फोनला नावं ठेवतात, नाहीतर बाईच्या वयाला. मला इथं दोष दिसतो तो लपवाछपवीचा. काकी भोळ्या नाहीत. मिरचीचा व्यापारी त्यांना किलोमागं दोन रुपयांनाही गंडवू शकत नाही, कारण भाव ठरवायच्या आधी त्या चार ठिकाणी विचारतात. आयुष्यातला हा एकच व्यवहार असा होता की तो कुणालाच विचारून करता येत नव्हता. फसवणाऱ्याला नेमकी तेवढीच फट लागते.

संध्याकाळी सातनंतर

पहिल्या भेटीत काकी पैशांबद्दल बोलल्या, एकटेपणाबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या भेटीत बोलल्या. दिवस निघून जातो, म्हणाल्या. गिऱ्हाईक येतं, गटाच्या बायका येतात. संध्याकाळी सातला दिवाबत्ती झाली की घर अंगावर येतं. "एका भाकरीसाठी परात काढायची म्हणजे कंटाळा येतो बघा. मग दूध पिऊन झोपतो मी." मुलं रविवारी फोन करतात, तब्येत विचारतात, गोळ्या विचारतात. लेक जीव लावते, पण तिच्या पदरात दोन लहान मुलं आणि सासू आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात होणार नाही, असं ठरलं. त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. काकींनी ती बातमी पेपरात वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून टिकली लावायला लागल्या. गल्लीत दोन-चार दिवस चर्चा झाली, मग विरली. याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. म्हणजे विचार या मातीला शंभर वर्षांपासून माहीत आहे. तरीही टिकलीपर्यंत पोचलेल्या गल्लीला पुढचं पाऊल जड जातं, आणि काकींना ते पक्कं ठाऊक होतं.

फोन त्यांना चांगला चालवता येतो. लॉकडाऊनमध्ये मुलानं स्मार्टफोन दिला, तेव्हापासून चटणीच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवरच येतात. स्टेटसला बरण्यांचे फोटो, पैसे यूपीआयवर. एका रात्री पुनर्विवाहाच्या संकेतस्थळाची जाहिरात समोर आली. काकींनी खातं उघडलं. फोटो लेकीच्या लग्नातला, शेजारचा नवरा कापून काढलेला. वय खरं घातलं, पण गाव सांगली टाकलं. कोल्हापूर टाकलं तर भावकीतलं कुणीतरी बघणार ही भीती.

ती भीती काही अनाठायी नव्हती. डेटिंग अॅप अंतरावर चालतात; किती किलोमीटरच्या आतली माणसं दाखवायची ते आपण ठरवायचं. पुण्या-मुंबईत पाच किलोमीटरमध्ये माणसांचा समुद्र असतो. कोल्हापुरात पंचावन्न ते पासष्ट वयाची अट घातली की हाताच्या बोटांवर मोजण्याइतके चेहरे येतात आणि त्यातला एखादा नणंदेचा दीर निघतो. शंभर किलोमीटरची कक्षा धरली की सांगली, मिरज, इचलकरंजी, निपाणी, कराड येतात, तेव्हा जरा निवड होते. म्हणूनच या वयाची माणसं डेटिंग अॅपपेक्षा पुनर्विवाहाच्या संकेतस्थळांकडे वळतात. तिथं फोटो झाकून ठेवायची, मागितला तरच दाखवायची सोय बहुतेक ठिकाणी असते. काकींना ती माहीत नव्हती, आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

"जेवलात का?"

चौथ्या दिवशी लंडनमधल्या एका डॉक्टरांचा निरोप आला. हाडांचे तज्ज्ञ, मूळचे साताऱ्याचे, पत्नी वारलेली, एक मुलगी हॉस्टेलवर. दुसऱ्याच दिवशी गप्पा संकेतस्थळावरून व्हॉट्सअॅपवर आल्या. ही पहिली खूण. संकेतस्थळावर तक्रार झाली तर खातं बंद होतं, बोलणं नोंदलेलं राहतं; म्हणून फसवणारा आधी तिथून बाहेर काढतो. नंबर ब्रिटनचा होता. असे परदेशी नंबर इंटरनेटवर भाड्यानं मिळतात, माणूस कुठंही बसलेला असतो.

रोज सकाळी साडेसहाला सुप्रभात. रात्री नऊला "जेवलात का?". काकी मला म्हणाल्या, "मॅडम, सहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं ते गोळी घेतलीस का." हे वाक्य मी त्यांच्या मुलाला पुढं जसंच्या तसं सांगितलं. फसवणुकीची सगळी यंत्रणा त्या नऊच्या निरोपावर उभी होती. परदेशी पैशांचा मोह काकींना नव्हता. त्या रात्री दूध पिऊन झोपायच्या, त्याऐवजी भाकरी करायला लागल्या, कारण नऊला उत्तर द्यायचं असायचं.

खुणा आणखीही होत्या. व्हिडिओ कॉल म्हटलं की त्यांचा कॅमेरा खराब. आवाजी फोनवर हिंदी, "लहानपण दिल्लीत गेलं" हे त्याचं कारण. लिहिलेलं मराठी कधी अहो-जाहो, कधी एकदम अगं-तुगं, यंत्रानं करून दिल्यासारखं. काकींनी एकदा डंकाचं सांगितलं तर तो वाजवायचा डंका समजून समोरून बँडबद्दल विचारणा झाली. साताऱ्याच्या माणसाला मिरचीचा डंक कळू नये? काकींना ते खटकलंही. "मनात आलं, पण म्हटलं लई वर्षं तिकडं हायत, विसरले असतील." खटकलेलं बोलून दाखवायला माणूस लागतं. शेजारणीपुढं हे वाक्य नुसतं तोंडातून निघालं असतं तरी त्याच संध्याकाळी प्रकरण संपलं असतं. प्रोफाइलवरचा फोटो गूगल लेन्सला दाखवला असता तरी तो आणखी कुठं कुठं लागलाय हे बहुधा समोर आलं असतं. त्याला अर्धं मिनिट लागतं.

तिसऱ्या आठवड्यात पार्सल निघालं. घड्याळ, फोन आणि पौंडांच्या नोटा ठेवलेल्या डब्याचा फोटो आला. मग दिल्ली विमानतळावरच्या कस्टममधून बोलतेय असं सांगून एका बाईचा फोन. साडेअठरा हजार भरा, पार्सल सुटेल. काकींनी चटणीच्या डब्यातले पैसे बँकेत भरून यूपीआयनं पाठवले. दोन दिवसांनी परत फोन. पार्सलमध्ये परकीय चलन सापडलंय, दाखल्याचे साडेएकोणीस हजार. हे गटातून कर्ज काढून पाठवले. तिसरा फोन पंच्याऐंशी हजारांचा, आणि न भरल्यास मनी लाँडरिंगची केस. भेटवस्तू पाठवणाऱ्या प्रियकराची गोष्ट आता पोलिसांच्या धाकापर्यंत आली होती, आणि काकी त्या धाकापुढं पुन्हा गटाकडं गेल्या.

खरं कस्टम असं चालत नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून कस्टमच्या पत्रव्यवहारावर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो. कुणा व्यक्तीच्या खात्यावर किंवा यूपीआयवर शुल्क मागितलं जात नाही. हे इतकं साधं आहे की पोस्टातल्या ओळखीच्या माणसानं उभ्या उभ्या सांगितलं असतं. पण त्याला विचारायचं म्हणजे लंडनहून पार्सल कुणी पाठवलं हे सांगणं आलं.

काकींना वाचवलं ते गटातल्या मैत्रिणीनं. महिना सप्टेंबरचा होता. "मिरचीचा हंगाम नाही, लग्नसराई नाही, चाळीस हजार कशाला पाहिजेत तुला?" असं तिनं सरळ विचारलं आणि काकींचा बांध फुटला. त्या मैत्रिणीनं दोन गोष्टी केल्या ज्यांच्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. ती हसली नाही. आणि त्याच बैठकीत फोन हातात घेऊन तिनं १९३० लावला.

पैसे, पुरावा आणि लाज

१९३० ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत सूचना जाते आणि तिथं शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवली जाते. फसवणारे पैसे तासाभरात चार-पाच खात्यांतून पुढं सरकवतात, म्हणून जितक्या लवकर तितकं बरं. काकींचे पहिले साडेअठरा हजार हाती लागले नाहीत. दुसऱ्या रकमेपैकी साडेअकरा हजार एका खात्यात अडकले आणि पुढं न्यायालयाच्या आदेशानंतर परत आले.

बँकेकडून भरपाई मिळेल अशी मुलाला आशा होती. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर बोजा नाही अशी तरतूद आहे, ती त्यानं कुठंतरी वाचली होती. ती तरतूद आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथं काकींनी स्वतः पिन टाकून पैसे पाठवले होते, त्यामुळं ती लागू झाली नाही.

तक्रारीत आणखी एक अडचण आली, आणि ती मला सगळ्यात जास्त बोचते. पोलिसांपुढं काकी "पार्सलमध्ये फसवलं" एवढंच म्हणाल्या. लग्नाचं, संकेतस्थळाचं नाव नाही. जायच्या आधी रात्री बसून त्यांनी सगळे निरोप पुसून टाकले होते, सुनेनं बघू नयेत म्हणून. पहिल्या तीन आठवड्यांचं बोलणं, आवाजी निरोप, ते प्रोफाइल, सगळं गेलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणं संगणक किंवा फोन वापरून तोतयेगिरीनं फसवणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेतही फसवणुकीची आणि तोतयेगिरीची कलमं आहेत. पण तोतयेगिरी दाखवायची तर तो तोतया काय बोलला ते हातात हवं. व्हॉट्सअॅपवर चॅट बाहेर काढून ईमेलवर पाठवायची सोय आहे. ती आधी वापरावी, स्क्रीनशॉट घ्यावेत, नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत लिहावा, मग ब्लॉक करावं. निरोप बघून पोलीस काय म्हणतील या धास्तीनं ते पुसणाऱ्या बाया मला वरचेवर भेटतात. फसवणाऱ्याचं त्यात फावतं.

मुलगा आला, फोन घेऊन गेला

सायबर पोलिसांकडून आल्यावर बातमी पुण्याला पोचलीच. मुलगा शनिवारी आला, संकेतस्थळाचं खातं बंद केलं, स्मार्टफोन काढून घेतला आणि आईच्या हातात बटणांचा फोन दिला. "आई, तुला काय कमी आहे?" एवढं विचारून तो रविवारी परत गेला.

दिवाळी तोंडावर होती. फराळासोबत चटणीची मागणी असते. ऑर्डरी त्या फोनवर येत होत्या आणि तो फोन पुण्यात एका ड्रॉवरमध्ये होता. आठवडाभरात नेहमीची गिऱ्हाइकं दुसरीकडं वळायला लागली. मी मुलाशी फोनवर बोलले तेव्हा पहिला मुद्दा हाच मांडला. काळजीपोटी का होईना, त्यानं आईचं दुकान बंद केलं होतं. अडतीस हजार चोरानं नेले, उरलेला हंगाम घरच्यांनी बुडवायचा का? फोन दोन दिवसांत कुरिअरनं परत आला. मुलगा वाईट नाही. त्याला राग आईचा नव्हता, आपल्याला कळलं नाही याचा होता.

मग तिघांची बैठक घेतली, मुलगा, लेक आणि काकी. कोणाला कशाची भीती वाटते ते ज्यानं त्यानं सांगायचं, एवढंच ठरवलं. मुलानं आधी लोकांचं नाव घेतलं, मग घराचं, आणि बऱ्याच वेळानं खरं बोलला, "बाबांच्या खुर्चीवर दुसरं कोण बसलेलं मला बघवणार नाही." लेकीला वाटत होतं की आईनं हे आपल्याला आधी सांगायला हवं होतं. काकी म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू सासूला काय सांगितली असतीस?" लेकीला उत्तर सुचलं नाही. तो प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. मुलं म्हणतात आमच्यापासून लपवलं. पण न लपवण्याची जागा घरात होती का, हे आधी बघावं लागतं.

मुलाच्या "बाबांच्या खुर्ची"ला मी उत्तर दिलं नाही. ते दुःख आहे, त्याला वाद घालून हरवायचं नसतं. काकी मात्र म्हणाल्या, "खुर्ची ऱ्हाऊ दे तिथंच. मी काय खुर्चीसाठी माणूस शोधत न्हाई."

त्या बैठकीत एक गोष्ट ठरली. काकी पुन्हा शोधणार, पण लेकीला माहीत ठेवून. मुलानं होकार दिला नाही, विरोधही केला नाही.

गडहिंग्लजचे गृहस्थ

या वेळी प्रोफाइल लेकीनं आईजवळ बसून केलं. गाव कोल्हापूर. फोटो नवा, शेडमध्ये बरण्यांसोबतचा, पण मागितल्याशिवाय न दिसणारा. मजकुरात काकींनी लिहायला लावलं, "माझा धंदा आहे आणि मी तो सोडणार नाही." या एका ओळीनं निम्मे निरोप गळाले. बरं झालं. घरात राबायला बाई शोधणाऱ्यांची गर्दी या वयाच्या स्थळांत मोठी असते आणि ती लवकर ओळखू आलेली चांगली.

दीडेक महिन्यानं गडहिंग्लजहून निरोप आला. वय बासष्ट, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, पत्नी कर्करोगानं गेलेली, मुलगी बेळगावला. निरोप दोन ओळींचा, शुद्धलेखनाच्या चुकांचा. त्यांचा पहिला प्रश्न होता, "चटणीला संकेश्वरी घालता की ब्याडगी?"

काकींनी लिहिलं, रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, पण हल्ली अस्सल संकेश्वरी मिळत नाही, जुन्या मालात भेसळ असते. गृहस्थांनी गडहिंग्लजच्या बाजारातला त्या आठवड्याचा भाव कळवला आणि सौद्याच्या दिवशी सकाळी लवकर गेलं तर निवडून घेता येते असं लिहिलं. पुढं तीन दिवस दोघं मिरचीवरच बोलत होते. लेक ते वाचून मला म्हणाली, "हे काय डेटिंग आहे का?" मला तर ते फार छान वाटलं. डंक म्हणजे काय हे या माणसाला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

पडताळणी काकींनी स्वतः केली, व्यापाऱ्याशी करतात तशी. पहिल्या आठवड्यातच व्हिडिओ कॉल, तोही लेकीसमोर. पत्नीच्या मृत्यूचा दाखला बघायला मागितला. गृहस्थांनी राग न मानता दाखवला आणि काकींच्या नवऱ्याचाही मागितला. हे मला आवडलं. दोन्हीकडून कागद मागितले की कुणाचा अपमान होत नाही. त्यांच्या मुलीशी लेक फोनवर बोलली. पैशांचा एकच नियम: एक रुपयाही इकडून तिकडं नाही, उसना नाही, भेटवस्तूही नाही. आपली फसवणूक झाली होती हे काकींनी तिसऱ्याच फोनला सांगून टाकलं. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मला एका बाईनं शेअरच्या अॅपमध्ये पैसे घालायला लावले होते. मी मुलीला अजून सांगितलेलं नाही." म्हणजे ही आफत बायकांपुरती नाही. पुरुषांच्या बाबतीत कस्टमच्या पार्सलऐवजी गुंतवणुकीचं अॅप येतं, नाहीतर रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ कॉलची धमकी. आणि पुरुषही तक्रारीला जायला कचरतात.

पहिली भेट टाउन हॉलच्या बागेत, सकाळी अकराला. रंकाळ्यावर संध्याकाळी निम्मं कोल्हापूर फिरायला असतं, म्हणून ते टाळलं. गटातली मैत्रीण दोन बाकांपलीकडं बसली होती. गृहस्थ केएमटीच्या शहर बसनं आले, हातात पिशवी. पिशवीत अर्धा किलो संकेश्वरी. काकींनी पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं, की मिरचीकडं, हे मैत्रिणीला लांबून कळलं नाही. पण काकींनी एक मिरची मोडून वास घेतला, बिया तळव्यावर पाडून बघितल्या आणि मिरचीचे पैसे चुकते केले. भेटवस्तू नाही म्हणजे नाही. गृहस्थांनी सुटे मोजून घेतले. जुना एसटीवाला, सुट्या पैशांचा हिशेब त्याला नवा नव्हता.

नंतर मैत्रीण आणि लेक गडहिंग्लजला घर बघून आल्या. जातीचा प्रश्न तिथं निघाला, त्यांच्या भावकीनं काढला. दोघंही हिंदू, जात वेगळी. हिंदू विवाह कायद्याला त्याचं काही वावडं नाही. भावकीचं बघू, असं गृहस्थ म्हणाले आणि आजवर बघतायत.

घर, पेन्शन आणि मुलाची अट

खरा पेच इथं आला. मुलगा म्हणाला, करायचं तर करा, पण आधी आईनं घरावरचं हक्कसोडपत्र करून द्यावं. काकी तयार झाल्या होत्या! पोरांच्या मनात काही राहू नये म्हणून. मी त्यांना वकिलांकडं नेलं आणि सही थांबवली. या प्रकरणात माझं कुठलं एक काम उपयोगी पडलं असेल तर ते हे.

घर नवऱ्याच्या नावावर होतं, मृत्युपत्र नव्हतं, सासूबाई आधीच गेलेल्या. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणं पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचे समान हिस्से, म्हणजे प्रत्येकाचा एक तृतीयांश. काकींचा हिस्सा पूर्ण मालकीचा आहे आणि पुन्हा लग्न केल्यानं तो जात नाही. हक्कसोड करून दिलं असतं तर छप्पन्नाव्या वर्षी त्या मुलाच्या घरात पाहुण्या झाल्या असत्या, आणि उद्या गडहिंग्लजला नाही जमलं तर परत यायला दार मागून घ्यावं लागलं असतं.

पण मुलाची भीती अगदीच पोकळ नव्हती, हेही त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. बाई मृत्युपत्र न करता वारली तर तिच्या मालमत्तेत मुलगे, मुली आणि पती असे सगळे पहिल्या रांगेत येतात. म्हणजे काकींनी लग्न केलं आणि काही लिहून ठेवलं नाही, तर त्यांच्या एक तृतीयांश हिश्श्यात गृहस्थांचाही वाटा येऊ शकतो. त्याला उपाय मृत्युपत्र. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. काकी जिवंत आहेत तोवर हिस्सा त्यांचा, नंतर मुलांचा. गृहस्थांनीही त्यांच्या घराचं मुलीच्या नावे तसंच केलं. दोघांनी एकाच आठवड्यात मृत्युपत्रं केली, आणि मुलाचा आवाज त्यानंतर बराच खाली आला.

पेन्शनचं कोडं अजून सुटलेलं नाही. काकींना ईपीएस ९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत विधवा पेन्शन मिळते, दोन हजारांच्या आत. या योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन दरमहा एक हजार आहे, त्यावरून रकमेचा अंदाज यावा. पुनर्विवाह केला की ती बंद होते. दरवर्षी हयातीच्या दाखल्यासोबत पुन्हा लग्न केलेलं नाही हे लिहून द्यावं लागतं. गृहस्थही त्याच योजनेतले पेन्शनर. त्यांनी लग्न केलं तर त्यांची पेन्शन चालूच, कारण ती त्यांच्या स्वतःच्या नोकरीची. एकाच मांडवात उभ्या असलेल्या दोघांपैकी बाईची तेवढी बंद व्हावी, हे मला अन्यायाचं वाटतं. रक्कम लहान आहे म्हणून अन्याय लहान होत नाही. नवऱ्यानं भट्टीपुढं काढलेल्या वर्षांचा तो मोबदला आहे.

लग्न न करता एकत्र राहायचा मार्ग आहे. विवाहासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण मिळतं, पेन्शनही जात नाही. मात्र वारसाहक्क मिळत नाही आणि इस्पितळात सही करायची वेळ आली की नातं काय सांगायचं, हा प्रश्न उभा राहतो. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये अशा ज्येष्ठांसाठी मंडळ सुरू केलं, तिथं या वाटेनं गेलेली जोडपी आहेत. मी ते काकींना सांगितलं. "पुण्यात चालतंय वो," त्या म्हणाल्या, "मंगळवार पेठेत मला तसं ऱ्हायचं न्हाई. ऱ्हायलो तर लग्न करून, न्हाईतर हाय ते बरं हाय."

आजची स्थिती

लग्न करायचं ठरलं तर दोन रस्ते आहेत. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणं विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस, तीस दिवसांची मुदत आणि तीन साक्षीदार. नोटीस कार्यालयात लागते आणि ती वाचायला कोल्हापुरात माणसांची कमी नाही. दुसरा रस्ता म्हणजे देवळात विधी करून नंतर नोंदणी. त्यात तीस दिवस थांबावं लागत नाही. काकींचा कल दुसऱ्याकडं आहे, लेकीचा पहिल्याकडं. सगळं उघड होऊन जाऊ दे, असं तिचं म्हणणं.

सध्या गृहस्थ बुधवारी येतात. दुपारचं जेवण काकींकडं, मग दोघं मिळून चटणीची पार्सलं बांधतात. एसटीच्या पार्सलचे बारकावे त्यांना माहीत असल्यानं बरण्या फुटायच्या थांबल्या. संध्याकाळच्या गाडीनं ते परत जातात. गल्लीला माहीत आहे. समोरच्या घरच्या आजींनी पहिले काही आठवडे खिडकी लावून घेतली, आता त्यांची बरणीही गृहस्थच बांधून देतात. रात्री नऊला फोन असतो. गटाचं कर्ज काकींनी फेडलं. शेअरच्या अॅपचं प्रकरण गृहस्थांनी मुलीला सांगितलं आणि उशिरा का होईना तक्रार दिली.

मुलगा परवा येऊन गेला. गृहस्थांशी अर्धा तास बोलला, सगळं एसटीच्या संपाबद्दल आणि आंबोलीच्या रस्त्याबद्दल. लग्नाचा विषय त्यानं काढला नाही, तेव्हा काकींनीच काढला. मे संपेपर्यंत मिरचीतून डोकं वर काढायला वेळ नाही, त्यामुळं काय ते जूनमध्ये ठरवायचं. आणि मुलानं त्या बैठकीला यायचं, फोनवर चालणार नाही, असं त्यांनी सांगितलंय.